दहा आकड्यांचा रकाना

माझ्या फोनवर येणाऱ्या मेसेजपैकी निम्मे माझे नसायचे. कुणाच्या घराची मोजणी झाली, कुणाचं नळाचं काम मंजूर झालं, कुणाच्या कागदात त्रुटी निघाली, हे सगळं माझ्या फोनला कळायचं. मला कळायचं नाही, कारण मी ते वाचत नव्हते. हे आधीच लिहून टाकते. पुढं हात आखडला तरी एवढं तरी कागदावर राहील.

मी मूळची इकडची नाही. भंडाऱ्याच्या पलीकडं, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखात माझं माहेर. नववीत असताना आई अंथरुणाला लागली आणि शाळा सुटली. नापास झाले नाही, सुटली. हा फरक मी अजून लोकांना सांगत बसते. लग्नानंतर नवऱ्याच्या कंपनीपायी इकडं शहरात, मुकुंदवाडीत एका खोलीत आलो. पहिले काही महिने मला वाटायचं, शेजारी सारखे भांडतात. नंतर कळलं, बोलतातच तसे. स्टेशनाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले आणि तिथंच टायपिंग शिकले. मग एका ठेकेदारानं शहराबाहेरच्या एका लहान नगरपंचायतीत मला मदतनीस म्हणून लावलं. झाडायचं, पाणी भरायचं, फायली इकडून तिकडं न्यायच्या. रोज काळीपिवळी जीपनं अर्धा-पाऊण तास. नगरपंचायतीचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

एकदा ऑपरेटर आला नाही आणि खिडकीसमोर रांग लागली. मी भीत भीत खुर्चीवर बसले आणि दाखले काढून द्यायला लागले. आमच्या अधीक्षक मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या, ते मला कळलंच नाही.

"कुठं शिकलीस गं?"

"झेरॉक्सच्या दुकानात."

"आन शाळा?"

मी नववीचं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून खिडकी माझ्याकडं आली. हजेरीपटावर मी मदतनीसच राहिले. मला कॉम्प्युटरवर बसवल्याचा एका ओळीचाही आदेश नव्हता. मॅडमच्या वडिलांनी गवंड्याच्या हाताखाली काम करून त्यांना शिकवलेलं. त्यांनी मला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. डबा खाताना त्या माझी गणितं तपासायच्या. एका हातात पोळीचा घास, दुसऱ्या हातात लाल पेन. "हे बघ, उत्तर बरोबर हाय, पण वाट चुकलीस." माझ्यासाठी एवढं माझ्या सख्ख्या माणसांनीही केलं नव्हतं. त्यामुळं आपल्या हातून चूक झाली तर ती त्यांच्या माथी जाईल, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

त्या सुमारास वरून पत्र आलं. समुद्राकडच्या एका नगरपरिषदेनं स्वतःसाठी एक प्रणाली बनवून घेतली होती. घरांच्या नोंदी, नावात बदल, नळ, दाखले, सगळं त्यात. ती चांगली चालली, म्हणून त्यांनी ती बाकीच्यांना तशीच द्यायची ठरवलं. प्रत्येकानं नव्यानं कशाला बनवायची? आमच्यासारख्या लहान नगरपंचायतीला तर स्वतःची कधीच बनवता आली नसती. तिकडून एक माणूस आला, हळू आवाजात बोलणारा. दोन दिवस थांबला, दहा वेळा तेच विचारलं तरी कपाळाला आठी नाही. जाताना म्हणाला, "आता ही तुमची."

पहिला आठवडा गमतीचा गेला. पावतीच्या डोक्यावर त्यांच्याच गावाचं नाव छापून यायचं. एक म्हातारा पावती उलटसुलट करून म्हणाला, "मी तर इथंच हाय की!" आवक-जावक बघणारे आमचे चाचा पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, "चलो, बैठे बैठे समंदर देख लिया. अब मछली भी भेज दो बोलो उनकू." मग एका फोनवर तेही दुरुस्त झालं. जे काम पूर्वी तीन वह्यांत शोधावं लागायचं, ते आता नाव टाकलं की समोर. मला ती प्रणाली मनापासून आवडायची. आजही आवडते.

फक्त एक रकाना होता. मोबाईल नंबरचा. त्याच्यापुढं लाल चांदणी होती. दहा आकडे टाकल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. पूर्वीच्या वहीत नंबरची जागा रिकामी सोडली तरी चालायचं. इथं रिकामं चालेना. दहाही जागी नऊच टाकले, तरी घेईना. बनवणारे हुशार होते. आणि खिडकीसमोर येणाऱ्यांत कितीतरी जण, त्यातही बायका जास्त, फोन नसलेले. असेल तर लेकाचा, जावयाचा. नंबर पाठ नाही.

पहिल्याच दिवशी एका आजीसाठी मी माझा नंबर टाकला. पान पुढं गेलं. आजी खूश, रांग खूश, मीही खूश. मग ती पद्धतच पडली. चाचा म्हणायचे, "क्या बेटी, पूरे गाव का टेलिफोन तूच हो गयी!" मला ते कौतुकच वाटायचं. खरं सांगायचं तर जरा अंगावर मूठभर मांसही चढायचं, की बघा, मी कुणाचं काम अडू देत नाही.

आणि मेसेज सुरू झाले. दिवसात दहा, पंधरा. माहेर एवढं लांब की तिकडची वाईट बातमी फोनवरच येणार. फोन थरथरला की मी हातातलं टाकून तो उचलायचे. बघावं तर कुणाच्या तरी अर्जाचा क्रमांक. शेवटी एक दिवस मी त्या मेसेजचा आवाज बंद केला आणि ते नजरेआड जातील असं करून ठेवलं. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागली, हेही लिहायलाच पाहिजे.

आता एका मावशींचं.

त्या शाळेत खिचडी शिजवायच्या. नवरा जाऊन वर्ष झालेलं. दोन खोल्यांचं घर नवऱ्याच्या नावावर, तिथं स्वतःचं नाव लावायचं म्हणून अर्ज घेऊन आल्या. नोंदीवर ज्याचं नाव त्याचं घर, असं इथं सगळे धरून चालतात. कायद्यात काय आहे ते वेगळं.

"मावशी, नंबर सांगा."

"कशाचा?"

"मोबाईलचा."

"मोबाईल लेकाकडं हाय, तिकडं पुण्याला. त्याचा नंबर घरी भितीवर लिवलाय कोळशानं. भित घेऊन येऊ का?"

रांग हसली. मीही हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "घेऊन या, आक्का, आमी हात लावतो!"

"मावशी, नंबर लागतोच."

"मंग तुझाच टाक की माय. तू काय परकी हाईस व्हय?"

मी टाकला. "तुझाच टाक" हे त्या स्वतः म्हणाल्या होत्या, हे मी नंतर मनात किती वेळा उगाळलं! पण त्यांना काय माहीत, त्या दहा आकड्यांवर काय टांगलेलं आहे? खिडकीच्या आतल्या बाजूला मी बसले होते.

दोन-अडीच महिन्यांनी त्या परत आल्या. रांगेत थांबल्या नाहीत, सरळ खिडकीशी आल्या. डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला.

"माय, दीर माझ्या दोन खोल्यांच्या मधल्या दाराला इटा लावायलाय. म्हणतो नाव माझं लागलं. माझ्या कागदाचं काय झालं गं?"

मी त्यांचा अर्ज क्रमांक टाकला. पडद्यावर आलं : दिराची हरकत. खाली : अर्जदारास कळवले. त्याच्या खाली : मुदतीत म्हणणे सादर न केल्याने अर्ज निकाली. आणि मग दिराचा स्वतःचा अर्ज, मंजूर.

अर्जदारास कळवले. म्हणजे मला कळवले.

"थांबा हं," म्हणून मी रेकॉर्डच्या खोलीत गेले. फायलींच्या मागं उभी राहून फोन काढला आणि ते बाजूला टाकलेले मेसेज वर ओढत गेले. सापडला. पंधरा दिवसांत म्हणणं मांडा. मग एक आठवण करून देणारा. मग मुदत संपायच्या आदल्या दिवशी अजून एक. तीन वेळा त्या प्रणालीनं दार वाजवलं होतं.

बाहेर आले आणि म्हणाले, "मावशी, ते बंद झालंय. वरून."

"वरून म्हंजी कुठून?"

"वरूनच."

त्यांनी मान वर करून बघितलं. "वर तर पंखा हाय."

त्या थट्टा करत नव्हत्या. खरंच कळावं म्हणून विचारत होत्या. मी म्हणाले, बघते, विचारते, काहीतरी करू. आपल्यासाठी ही पोर धडपडते आहे असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या भाकरी आणि आंबट चुक्याची भाजी बांधून घेऊन आल्या. "तुझं माहेर लांब. कोण देतंय तुला असलं?" मी ती भाकरी खाल्ली. मॅडमसमोर बसून खाल्ली, आणि त्यांनी माझ्या वहीतलं उदाहरण तपासलं, आणि मी काही बोलले नाही.

सांगायचं रोज ठरवायचे. काळीपिवळीत बसल्या बसल्या वाक्य जुळवायचे. पण सांगितलं की चौकशी होणार, चौकशीत पहिला प्रश्न येणार, ही बाई कुठल्या आदेशानं कॉम्प्युटरवर बसली? आणि उत्तर मॅडमना द्यावं लागणार. म्हणून गप्प बसले. निदान गप्प बसण्याचं कारण मी तेव्हा असं धरलं होतं.

तेवढ्यात दुसऱ्या एका नगरपंचायतीनं विचारणा केली. त्यांनाही ही प्रणाली घ्यायची होती, आणि आमच्यासारख्या लहान ठिकाणी ती कशी चालते ते बघायचं होतं. शहरात, गारखेड्याकडच्या एका सभागृहात दिवसभराचा कार्यक्रम ठरला. समुद्राकडचा तो माणूसही येणार होता. मॅडम म्हणाल्या, "दाखवायचं तूच."

"मॅडम, मला नको. तिथं सगळे शिकलेले."

"शिकलेलेच शिकायला येतायत तुझ्याकडं. साडी नीट नेसून ये."

मी दाखवलं. बोटांना सवय होती. दहा-बारा माणसं मोठ्या पडद्याकडं बघत होती. अर्ज, शोध, पावती. मॅडम पहिल्या रांगेत बसून, आपलंच लेकरू गाणं म्हणतंय अशा चेहऱ्यानं ऐकत होत्या. मग मोबाईलचा रकाना आला. त्या दुसऱ्या नगरपंचायतीच्या एक बाई उठल्या. माझ्यासारख्याच खिडकीवर बसणाऱ्या. हातात वही-पेन.

"आमच्याकडं निम्म्या बायांना फोनच नाही. मग इथं काय टाकायचं?"

माझ्या आधी समुद्राकडचाच माणूस बोलला. "आमच्याकडे अशा अर्जांना नोटिसा वाटणाऱ्या बाईंचा नंबर टाकतात. मेसेज आला की त्या चिठ्ठी लिहून घरी जातात, वाचून दाखवतात, सही-अंगठा घेऊन येतात. रोज सकाळी त्यांचं तेच काम."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हे तुम्ही आम्हाला सांगितलं नव्हतं."

तो ओशाळला. "नाही सांगितलं? ते प्रणालीत नाही ना... ते आमच्याकडे आपलं चालतच आलंय." मग त्यानं सहज विचारलं, "तुम्ही काय करता?"

मॅडम बसल्या जागेवरून अभिमानानं म्हणाल्या, "आमच्याकडं ही बघते. स्वतःचा नंबर टाकते, कुणाचं काम अडू देत नाय."

दोन-चार माना कौतुकानं हलल्या. त्या वहीवाल्या बाई लिहायला लागल्या आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाल्या, "म्हणजे ऑपरेटरनं... स्वतःचा... नंबर टाकायचा. बरोबर ना, ताई?"

पेन कागदावरून चाललेलं मला दिसत होतं. त्यांच्या गावातल्या बायका डोळ्यांपुढं आल्या, ज्या मी कधी पाहिल्याही नव्हत्या. आमची चूक त्यांच्याकडं फुकटात चालली होती, चांगल्या मापून घेतलेल्या धान्यातल्या खड्यासारखी.

"नका लिहू," मी म्हणाले. "ताई, ते खोडा. मी केलं तसं. मेसेज आले, ते मी वाचले नाहीत. मी बंद करून ठेवले होते. एका बाईच्या घरावर दुसऱ्याचं नाव लागलं. तिला मी अजून सांगितलेलं नाही."

मॅडमकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. मग त्या बाईंनी वहीतली ओळ खोडल्याचा आवाज आला, दोनदा, तीनदा, पेन दाबून.

परतताना मॅडमनी मला त्यांच्या गाडीत बसवलं. शहर मागं पडल्यावर म्हणाल्या, "मला आधी का नाय सांगितलंस?"

"तुमच्यावर येईल म्हणून."

"माझ्यावर येईल म्हणून, का खुर्ची सोडावी लागेल म्हणून?"

मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडं उत्तर होतं, म्हणूनच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुरू झाल्याबरोबर आम्ही दोघी माझा फोन मध्ये ठेवून बसलो. मी मेसेज वाचत गेले, मॅडम एकेक नाव लिहीत गेल्या. बरेचसे निरुपद्रवी निघाले. काहींच्या मुदती अजून संपल्या नव्हत्या; चाचा त्याच दुपारी निरोप घेऊन त्यांच्या घरी गेले. जाता जाता म्हणाले, "इस उमर में डाकिया बना दिया मेरेकू." पण गेले, आणि उन्हातून परत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कायकू रोती? मिल गये ना लोगां." मुदत संपून हातचं गेलेलं असं एकच प्रकरण निघालं. मावशींचं.

मॅडमनी मुख्याधिकाऱ्यांना अहवाल लिहिला. त्यात लिहिलं की आदेश नसताना खिडकीवर मला त्यांनीच बसवलं. मी म्हणाले, तेवढं नका लिहू. त्या म्हणाल्या, "तू तिथं सगळ्यांदेखत बोललीस, आन मी इथं लपवू?" त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. इतक्या वर्षांच्या नोकरीतली पहिली. माझी खिडकी गेली. मी परत झाडू आणि फायलींवर आले. ठेकेदारानं काढलं नाही, तेही मॅडमनी त्याला सांगितलं म्हणून. डबा खाताना त्या अजूनही वही मागतात. आवाज पूर्वीसारखाच आहे, एका शब्दानं टोचून बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मावशींकडं मी एकटी गेले. मॅडम येते म्हणाल्या होत्या, मी नको म्हणाले. मधल्या दाराला विटा लागून वर गिलावाही झाला होता. पलीकडच्या खोलीतून दिराचा टीव्ही ऐकू येत होता. मावशी शाळेचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नंबर माझा होता, मेसेज माझ्याकडं आला, तीन वेळा आला, मी बघितला नाही.

त्यांचं बोट सुपात तसंच राहिलं. "मंग त्या दिशी वरून म्हणलीस ते?"

"खोटं होतं."

"आन माझी भाकर खाल्लीस."

"हो."

त्यांनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. "आता मला शाळेत जायचंय," त्या म्हणाल्या. मी निघाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घ्यायला तयार होऊन गेले होते. तेवढंही त्यांनी मला दिलं नाही.

पुढं प्रकरण परत उघडलं. सुनावणीला दीर छाती काढून म्हणाला, "नोटीस गेलती की! तुमच्याच कॉम्प्युटरात लिवलंय कळवलं म्हणून." मुख्याधिकारी साहेबांनी मला बोलावलं. मी सांगितलं, नंबर माझा आहे, यांना कुणीही कळवलेलं नाही. हे मी मावशींच्या समोर सांगितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, साहेबांकडं बघत होत्या. दिराची नोंद तूर्त थांबवली गेली आहे आणि दोघांचं पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं ठरलं आहे. निकाल अजून नाही. भिंत जशीच्या तशी आहे; कागदावरची नोंद थांबली म्हणून विटा काही आपणहून निघत नाहीत.

समुद्राकडच्या नगरपरिषदेनं रकान्यात बदल केला. आता "फोन नाही, घरी जाऊन कळवावे" अशी एक खूण करता येते, आणि कोण जाऊन आलं त्याचं नाव टाकल्याशिवाय मुदत मोजायला सुरुवातच होत नाही. ती सुधारणा सगळ्यांकडं गेली, आमच्याकडंही आली. त्या माणसानं मॅडमना फोन करून सांगितलं की हे तुमच्या ऑपरेटरमुळं झालं. मॅडमनी ते मला सांगितलं. मला त्यात आनंद शोधून सापडला नाही. त्या सुधारणेपायी मावशींच्या घराचं मधलं दार गेलं.

आता दर शनिवारी कामावरून सुटले की मी मावशींच्या घरी जाते. कुणी सांगितलेलं नाही. तारीख लागली असेल तर तारीख सांगते. कागद मागितला असेल तर कुठला ते वाचून दाखवते. बहुतेक वेळा सांगण्यासारखं काही नसतं. तरी जाते, दारात उभी राहते आणि म्हणते, "मावशी, या आठवड्यात काही झालं नाही."

त्या आतूनच "बरं" म्हणतात. मग मी काळीपिवळी पकडायला निघते.